सात कोंड्या

इलकलची पहाटेची बस, हुबळीच्या स्टँडवरून चिगरी नावाची शहरबस, आणि उणकलला उतरल्यावर तळ्याच्या कडेनं पायी. एवढा प्रवास करून रेखा फाटकात येऊन उभी राहिली, तरी तिच्या नऊवारीची निरी जागची हलली नव्हती. मागून तिचे यजमान विठ्ठलराव दोन पिशव्या आणि एक चेपलेली काळी टोपी सांभाळत येत होते.

रोहिणी पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभी होती. तीन वर्षांनी थोरली जाऊ दारात येत होती. तिनं मनाशी दोन वाक्यं तयार ठेवली होती, एक गोड आणि एक तिखट. आधी कुठलं काढायचं तेवढं ठरत नव्हतं. रेखानं ती अडचणच ठेवली नाही. ती तांब्याला वळसा घालून सरळ रोहिणीच्या लेकीकडं, प्रीतीकडं गेली, तिच्या सात महिन्यांच्या पोटावर तळवा ठेवला आणि पोटालाच म्हणाली,

"बाळा, तुझ्या धाकट्या आज्जीला सांग, पाणी खाली ठेव म्हणावं. हातात घ्यायला मी काय पाव्हणी न्हाई."

रोहिणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं तांब्या पायरीवर ठेवला, जरा आवाज होईल असाच ठेवला, आणि तीही लेकीच्या पोटाकडं तोंड करून म्हणाली, "बाळा, तुझ्या थोरल्या आज्जीला विचार, पाव्हणी न्हाई तर तीन वर्सं हुतीस कुठं?"

"पोट माझं आहे," प्रीती म्हणाली, "पोस्टाची पेटी न्हाई. दोड्डव्वा, आत या. आई, तू पण."

दोघी आत आल्या. पण एकाच दारातून एका वेळी नाही.

आत म्हणजे घरात नव्हे, घराखाली. रोहिणीच्या नवऱ्यानं, प्रवीणनं उणकलला हे घर बांधलं तेव्हा तळमजला गाडीसाठी मोकळा सोडला होता. गाडी आली, आणि तिच्या पाठोपाठ दोन महिन्यांत इलकलहून त्याचे वडील आले, सटवाजीअप्पा. सोबत त्यांचा हातमाग. अप्पांचा माग पाय सोडून बसायचा. त्याला जमिनीत कमरेएवढा खड्डा लागतो, आणि दुसऱ्या मजल्यावर खड्डा खणता येत नाही हे रेल्वेत नोकरी करणाऱ्या मुलाला ऐंशी वर्षांच्या बापानं अर्ध्या तासात पटवून दिलं. फरशी फोडली, खड्डा खणला, माग बसला. गाडी तेव्हापासून फाटकाबाहेर जांभळीखाली उभी असते, आणि प्रवीण रोज सकाळी बादली घेऊन पाखरांच्या नावानं बोटं मोडत ती धूत असतो.

त्या मागावर आज काळं रेशीम चढणार होतं. पुढच्या आठवड्यानंतरच्या रविवारी प्रीतीचा कुबसा. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरानं लुगडं-चोळी नेसवायची, ओटी भरायची, पाच प्रकारच्या भातांनी पान वाढायचं. साळ्यांच्या घरी ते लुगडं काळं, चंद्रकळेचं, आणि पदर तांबडा-पांढरा, किल्ल्याच्या तटासारख्या कंगोऱ्यांचा. विणायला अप्पांना आठ दिवस हवे होते, तेही आज संध्याकाळी धोटा टाकला तर.

आणि धोटा टाकायच्या आधी कोंड्या.

इलकलच्या लुगड्याचं सगळं गुपित तिथं आहे. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा. काळ्या धाग्याचा एक फास, तांबड्या धाग्याचा एक फास, आणि दोन करंगळ्या एकमेकींत अडकवाव्यात तसा एकात दुसरा ओवायचा. ती एक कोंडी. अशा दोन हजाराला ऐंशी कमी. एक जरी सुटली तर पदराच्या तोंडाशी फट पडते, आणि ती फट नेसणारीला दिसत नाही पण ओटी भरायला वाकणारीला बरोबर दिसते.

तीन वर्षांपूर्वी प्रीतीच्या लग्नात नेमकं हेच काम रेखानं केलं नव्हतं. ताणा तयार होता, रेशीम तयार होतं, आणि आठ दिवस राहिले असताना इलकलहून ते सगळं गाठोडं परत आलं. सोबत निरोप, 'वेळ न्हाई'. एवढाच. मग न जोडलेल्या पदराचं, अंगातूनच सरळ विणून काढलेलं लुगडं प्रीतीला नेसवावं लागलं. मांडवात अळणावरच्या विहीणबाईंनी पदर दोन बोटांत धरून पाहिला आणि गोड हसून म्हणाल्या, "साळ्यांच्या लेकीचा पदर होय हा? आमच्याकडं दुकानात पण असाच मिळतोय की."

ते हसू रोहिणी तीन वर्षं विसरली नव्हती. रविवारी त्याच विहीणबाई येणार होत्या. पदर खरा हवा होता, रोहिणीला तर हवाच होता, आणि इलकलच्या अख्ख्या साळी गल्लीत रेखासारखा कोंडीचा हात दुसरा नव्हता. अप्पांच्या बोटांना आता कंप होता. म्हणून प्रीतीनं कुणाला न सांगता थोरल्या चुलतीला, आपल्या दोड्डव्वाला फोन केला होता, आणि दोड्डव्वा आली होती.

"ऐका," अप्पा खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाले. ताणा दोन खांबांमध्ये ताठ बांधला होता, चार हात रुंद पसरलेला, एका अंगाला काळा झरा आणि एका अंगाला लाल. "लाल फासांच्या विसाविसाच्या जुड्या बांधल्यात. अठ्ठेचाळीस हिला, अठ्ठेचाळीस तिला. थोरलीनं उजवीकडनं सुरुवात करायची, धाकलीनं डावीकडनं. मधी येऊन भेटायचं. दिवसाच्या उजेडात करायचं, ट्यूब लावायची न्हाई. दिव्याखाली रेशीम चमकतं आणि धागा हरवतो."

"आणि भेटल्यावर?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"भेटल्यावर काय ते त्यांचं त्या बघतील."

विठ्ठलराव धाकट्या भावाच्या कानाला लागले. "मी माझ्या बायकोच्या पक्षात न्हाई हां, आधीच सांगतो."

"मी पण माझ्या न्हाई," प्रवीण म्हणाला. "आपला तिसरा पक्ष. वर जाऊ, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणलंय."

असा पुरुषांचा पक्ष पहिल्या पाच मिनिटांतच वर निघून गेला.

दोघी बसल्या. रेखानं पाट फाटकाच्या बाजूला ओढला, अगदी उजेडात. रोहिणीच्या मनात आलं, बघा, चार हात लांब आहोत तरी हिला अजून लांब जायचंय. तिनं पहिली जुडी सोडली.

रेखाची बोटं पाहायची नाहीत असं ठरवूनही रोहिणीची नजर तिकडं गेलीच. काळा फास उचल, लाल ओव, ओढ, सोड. चिमणीनं दाणे टिपावेत तसं. रोहिणी नवी नवरी होऊन इलकलला आली तेव्हा याच बोटांनी तिला हे शिकवलं होतं. तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि रोज दुपारी माहेरच्या आठवणीनं रडायची, आणि रेखाअक्का म्हणायची, रड की, पण मोजत रड.

मोजायची रीत गाण्याची. एका ओवीला पाच कोंड्या, चार ओव्या झाल्या की जुडी संपली. गाण्यावाचून मोजता येत नाही आणि मोजल्यावाचून भागत नाही. म्हणून बोलणं बंद असलं तरी गाणं बंद ठेवता आलं नाही. थोरलीनंच तोंड फोडलं, भिंतीकडं बघत:

काळ्या रेशमाच्या वाटं, लाल रेशीम गं जाई
धाकलीच्या नाकावर, माशी बसायाची न्हाई

खुर्चीत चुरमुरे खात बसलेली प्रीती फिसकन हसली. रोहिणीनं पाच कोंड्या ओढून घेतल्या आणि वरची पट्टी धरली:

लाल रेशीम गं माझं, काळ्या फासात बसलं
तीन वरसं झाली बाई, थोरलीचं त्वांड रुसलं

"दोड्डव्वा, एक झाली," प्रीती म्हणाली. "आई, तुझी पण एक."

"तू गुण मोजू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकदम म्हटलं गेलं म्हणून दोघींनाही राग आला.

ऊन जिन्यावरून उतरून फरशीवर आलं. जुड्या संपत गेल्या. पाट सरकत गेले. दहा वाजता दोघींमध्ये तीन हात होते, जेवणाच्या वेळेला दोन. जेवताना रेखानं बाळाकरवी कळवलं की वांग्याला मीठ बरोबर आहे. रोहिणीनं बाळाकरवी विचारलं, अजून अर्धी भाकरी? बाळानं लाथ मारली, ती कानडीतलं 'हौद', म्हणजे होय, समजून प्रीतीनं भाकरी वाढली.

दुपारी ओव्या जरा मऊ झाल्या. प्रीतीच्या होणाऱ्या बाळाला पाळणा कुठल्या लाकडाचा, त्याच्या बापाला, म्हणजे प्रभंजनला, पाळण्याची दोरी ओढता येईल का, असलं काहीबाही. मग रेखानं, काय मनात आलं कुणास ठाऊक, हळूच म्हटलं:

रुसल्याला विचारावं, कशापायी तू रुसली
न विचारता धाकली, पाठ फिरवून बसली

रोहिणीचा हात थांबला. म्हणजे आता चूक माझी? गाठोडं परत पाठवणारी ही, आणि विचारायचं मी? तिचा आवाज चढला, पण सूर सुटला नाही:

इचारायचं गं काय, साऱ्या मांडवानं पाह्यलं
माझ्या लेकीच्या पदराचं, लेणं कुणापायी राह्यलं

रेखाच्या बाजूनं नुसत्या धाग्याचा सळसळता आवाज आला, मग तोही बसला. प्रीती चुरमुरे चावायची थांबली. अप्पांनी खड्ड्याच्या काठावर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

नेमक्या त्याच वेळी, पाचच्या सुमाराला, प्रवीण खाली आला. जांभळीवर पाखरांचा थवा उतरला होता आणि गाडी सकाळीच धुतलेली होती. त्यानं फाटक उघडलं आणि गाडी दोन हात आत घेतली, बरोबर ताण्याच्या तोंडाशी. तळमजल्यावर एकदम सावली पडली.

"गाडी काढ!" रेखा ओरडली.

असा आवाज त्या घरानं तिचा कधी ऐकला नव्हता. प्रवीण दार उघडं ठेवूनच थिजला.

"वहिनी, पाखरं फार..."

"काढ म्हणते ना! मग कुठं ठेवायची ती ठेव. हितं नको."

रोहिणीचं डोकं आधीच तापलं होतं. थोरली कधीपासून आपल्या गाडीवर डोळा ठेवून आहे, इलकलच्या घराला अजून पत्राच आहे, हे सगळं क्षणात तिच्या मनात जमा झालं. "बाळा," ती म्हणाली, "सांग म्हणावं, गाडी आमची, फाटक आमचं. दोन तास आत उभी राह्यली तर कुणाचं काय जातंय?"

रेखानं तोंड उघडलं. रोहिणीला वाटलं, आता येईल, आता एकदाचं सगळं बाहेर येईल. पण रेखा नुसती म्हणाली, "इरली. राहू दे," आणि ताण्यावर इतकी वाकली की तिचं नाक काळ्या रेशमाला टेकलं.

मग ओव्या झाल्या नाहीत. मनातल्या मनात मोजणं झालं. शेवटच्या जुड्या दोघींनी दात आवळून ओवल्या. अंतर वीतभरावरून बोटांवर आलं, मग रेखाचा गुडघा रोहिणीच्या गुडघ्याला लागला आणि दोघींपैकी कुणीच तो मागं घेतला नाही, कारण मागं घेणं म्हणजे हरणं.

साडेपाचला रोहिणीची अठ्ठेचाळिसावी जुडी संपली. रेखाच्या हातात शेवटची होती. तिनं तेरा ओवले. चौदावा लाल फास घेऊन तिची बोटं काळ्यात फिरली, मागं गेली, पुढं आली.

काळे फास संपले होते. लाल सात उरले होते.

"अप्पा," प्रीती म्हणाली, "सात जास्त आहेत."

"जास्त कसे असतील," अप्पांनी डोळे उघडले. "मी मोजून बांधलेत. काळ्यातले सात कुठंतरी रिकामे राह्यलेत. कुणाच्या तरी बाजूला."

काळ्यात मधली खूण नव्हती. कुणी कुणाच्या हद्दीत शिरलं ते कळायला मार्ग नव्हता. वरून विठ्ठलराव आणि प्रवीण आवाजानं खाली आले आणि जिन्यातच थांबले.

"माझ्या न्हाईत," रोहिणी म्हणाली.

"बाळा, सांग, माझ्या पण न्हाईत," रेखा म्हणाली. "ह्या हातांनी चाळीस वर्सांत एक सोडली न्हाई."

"उरलेले सात कापून टाकले तर?" प्रवीण म्हणाला, आणि बापानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो एक पायरी वर चढला.

"बघावं लागंल," अप्पा म्हणाले. "कडेपासनं एकेक. आणि सापडल्या जागेपासनं पुढचं सगळं सोडून परत ओवायचं. उजेड अजून तासभर आहे. आज झालं तर लुगडं, न्हाईतर बाजारातनं आणा."

बाजारातनं. रोहिणीला विहीणबाईंची दोन बोटं दिसली. ती उठली आणि आपल्या डाव्या कडेपासून बोट फिरवत निघाली. एकेक काळा फास, त्याच्या पोटात एकेक लाल. पाचशे. सातशे. नऊशे. एकही रिकामा नाही. तिला मनातून हसू फुटलं. हे तीन वर्षांचं माप होतं. आता सगळ्यांसमोर, जावेसमोर, सासऱ्यासमोर ती म्हणणार होती, बघा, कुणाची चूक ते.

आपले नऊशे साठ संपवून ती पुढं गेली.

"माझ्या बाजूला हात लावायचा न्हाई," रेखा म्हणाली. बाळामार्फत नाही. सरळ.

रोहिणीनं ऐकलं नाही. बोट पुढं सरकलं आणि पहिल्याच जुडीत एक फास हाताला पोकळ लागला. त्याच्या शेजारी आणखी एक. मग थोड्या अंतरावर तीन सलग. मग दोन. सात. सगळे साठ धाग्यांच्या आत.

तिनं मान वर केली, आता म्हणायचंच म्हणून. आणि सहज पुढच्या जुड्यांवरून हात फिरवला. चौथी, पाचवी, दहावी, थेट उजव्या कडेपर्यंत. सगळ्या भरलेल्या. एकेक कोंडी मोत्यासारखी. सकाळची, दुपारची, उन्हातली. फक्त ह्या तीनच जुड्या. पाचनंतरच्या. गाडी आत आल्यानंतरच्या.

पाट उजेडाकडं ओढणारी रेखा तिच्या डोळ्यांपुढं आली. काळ्या रेशमाला टेकलेलं नाक. गाडी काढ! आणि तीन वर्षांपूर्वीचं ते गाठोडं, काळं रेशीम असलेलं, 'वेळ न्हाई'.

अगं बाई, रोहिणी मनात म्हणाली. अगं अक्का.

रेखा तिच्याकडं बघत होती. हनुवटी वर, ओठ घट्ट. साळी गल्लीतल्या पहिल्या हाताची बाई शिक्षा ऐकायला उभी राहावी तशी बसलेली.

"सापडल्या," रोहिणी मोठ्यानं म्हणाली. "माझ्याच सुटल्यात. हितं मधीच, माझ्या शेवटाला."

जिन्यात प्रवीणनं सुस्कारा सोडला. अप्पांनी मान हलवली. आणि रेखा उभी राहिली.

"तुझ्या कशा?"

"माझ्याच."

"कुठं आहेत दाखव."

"कशाला दाखवू? माझ्या आहेत म्हणाले ना."

"शेवटच्या जुड्यांत आहेत!" रेखा कडाडली. "माझ्या बाजूला! मला बोटाला लागलं न्हाई व्हय, काळं संपलं तेव्हाच कळलं मला. तू कोण माझ्या चुका घेणारी? एवढी वर्सं मी शिकवलं तुला, एका जागी सात सोडशील तू? माझं नाव घालवायला निघालीस?"

"मी म्हणते माझ्या आहेत!"

"माझ्या आहेत!"

"अक्का, हट्ट करू नका!"

"हट्ट तू करालीस! सात कोंड्या माझ्या आहेत, सगळ्यांनी ऐका, माझ्या!" आणि मग आवाज एकाएकी खाली आला. "काळ्यावर काळं दिसत न्हाई मला. लाल दिसतंय, पांढरं दिसतंय, तुमची तोंडं दिसत्यात. काळा धागा दिसत न्हाई. तीन वर्सं झाली. सकाळच्या उन्हात जमतंय थोडं. लग्नाच्या वेळी तर पावसाळी आभाळ होतं."

मग विठ्ठलरावांनी हातातल्या टोपीकडं पाहिलं.

"म्हणून आज बसमध्ये माझ्या टोपीवर बसलीस?"

"सीट काळी, टोपी काळी," रेखा म्हणाली. "मला काय सपान पडतंय?"

प्रीतीला हसू आवरेना, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. रोहिणीला मात्र राग आला होता, खरा, आतून आलेला.

"सांगायचं न्हाई? एक फोन करायचा न्हाई? मी तीन वर्सं काय काय म्हणत बसले तुम्हाला, माहीत आहे? चपाती लाटताना, अंघोळ करताना, देवासमोर सुद्धा!"

"काय म्हणालीस?"

"सांगण्यासारखं न्हाई."

"सांगितलं असतं तर गल्लीत कळलं असतं," रेखा म्हणाली. "रेखाचं डोळं गेलं म्हटल्यावर कोंडीला कोण बोलावणार? मग मी कोण? विठ्ठलरावाची बायको, बास?"

"मी आहे तेवढा काय वाईट न्हाई," विठ्ठलराव पुटपुटले, पण ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

"अहो," रोहिणी नवऱ्याकडं वळली, "गाडी काढा."

"पाखरं..."

"हगू देत पाखरं! काढा!"

गाडी मागं गेली. फाटकातून कलतं ऊन आत आलं आणि काळ्या ताण्यावर आडवं पसरलं. रोहिणीनं रेखाचा पाट ओढून आपल्या पाटाला लावला. त्रेपन्न कोंड्या सोडायच्या, साठ परत ओवायच्या. ती काळ्याच्या बाजूनं बसली. नखानं एकेक फास उचलून, उघडा करून, रेखाच्या बोटांच्या टोकाशी आणून धरायचा. लाल फास धरलेली ती बोटं नुसत्या स्पर्शानं आत जायची, ओढायची, सोडायची. इतक्या वेगानं की रोहिणीला काळे फास पुरवता येईनात.

"दे की लवकर," रेखा म्हणाली. "एवढा वेळ लागतो व्हय?"

"देते, देते. थांबा जरा."

"शिकवलं न्हाई वाटतं कुणी तुला."

"शिकवलं होतं एका बाईनं. तीच आता घाई कराय लागलीय."

तेवीस, चोवीस, पंचवीस. गाणं म्हणायला सवड नव्हती. रोहिणी मोजत होती, तिच्या पाठोपाठ रेखा तोच आकडा परत म्हणत होती, आणि प्रीती खुर्चीतून दोघींच्या पाठी बघत होती. दोन्ही पाठी एकाच वेळी वाकत आणि एकाच वेळी सरळ होत होत्या. बावन्न. त्रेपन्न. आणि मग ते उरलेले सात, तेरानंतरचे, सरळ चालत आपापल्या जागी गेले.

"साकु," अप्पा म्हणाले. "झालं. बाजूला व्हा आता."

ते खड्ड्यात उतरले. त्यांच्या हाताचा कंप पाय टेकल्याबरोबर थांबला, तो नेहमीच मागावर थांबायचा. पदराचा लाल ताणा आधीच फणीतून ओवलेला होता. त्यांनी कपाळाला धोटा लावला, पायानं खालची काठी दाबली, आणि पहिला बाणा आरपार गेला. फणी आपटली. पुन्हा. पुन्हा. सगळं घर मागाभोवती उभं राहिलं, प्रवीण आणि विठ्ठलरावसुद्धा, ज्यांना आता कुठल्या पक्षात जावं ते उमगत नव्हतं.

ऊन फाटकाच्या पट्टीवर येऊन टेकलं होतं. रेखानं मान पुढं केली, डोळे बारीक केले आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"काय चाललंय गं?"

"तांबडा," रोहिणी तिच्या कानाशी म्हणाली. "चार बाणे तांबडे झाले. आता पांढरा घेतलाय. कंगोरा उचलतोय एकेक, तटासारखा. सरळ आलाय, कोंडीजवळ फट न्हाई. कुठंच न्हाई."

"हं."

"आता परत तांबडा." रोहिणीला राहवलं नाही. "आता हिरवा."

रेखानं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती ओरडलीच.

"तांबडं दिसतंय मला, भवाने!" थोरली म्हणाली. "काळं आलं की सांग."

"काळं आठ दिवस चालणार अक्का."

"मग आठ दिवस सांग."